सॅफ चषक (दक्षिण आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०१८च्या सॅफ स्पर्धेत मालदीव एकही सामना न जिंकता उपांत्य फेरीत गेला, असं वाचलं. हे शक्य आहे का? (सावंतवाडी)

उत्तर : शक्य आहे आणि तसंच झालं. ढाक्यातल्या त्या स्पर्धेत सातच संघ होते, त्यामुळे एका गटात तिघेच आले: भारत, मालदीव, श्रीलंका. भारताने श्रीलंकेला २-० हरवलं, मालदीव-श्रीलंका ०-० सुटला आणि शेवटी भारताने मालदीवलाही २-० हरवलं. आता मांडून बघा. दुसऱ्या जागेसाठी मालदीव आणि श्रीलंका, दोघांचा गुण एकेक, गोलफरक उणे दोन, केलेले गोल शून्य, आपसातला सामनाही बरोबरीत. उरली नाणेफेक. ती मालदीवने जिंकली, मग नेपाळला ३-० आणि अंतिम सामन्यात भारताला २-१ हरवून चषकही नेला.

शेवटच्या सामन्यात भारत १-० जिंकला असता तर मालदीव थेट पुढे, ३-० जिंकला असता तर श्रीलंका. ३-१ झाला असता तरी केलेल्या एका गोलावर मालदीवच. म्हणजे हरत असतानाही एक गोल मारणं लाखमोलाचं होतं.

तीन संघांच्या गटाचा खरा दोष वेगळाच आहे. शेवटच्या दिवशी एक संघ बाहेर बसतो आणि मैदानावरच्या दोघांना नेमका किती गोलांचा हिशेब लागतो ते आधीच ठाऊक असतं. आमच्या मते चार-चार संघांचे गट करून शेवटचे दोन सामने एकाच वेळी, दोन मैदानांवर खेळवावेत.

गटाचं गणित घरी मांडताना आधी नियमावली बघा. आशियाई चषकात गुण सारखे झाले की प्रथम आपसातला निकाल धरतात; २०२२च्या विश्वचषकात प्रथम गोलफरक धरला होता. इथेच बहुतेकांचा तक्ता चुकतो.

प्रश्न : कुवेत आणि लेबनॉन दक्षिण आशियात कधीपासून? (पुणे)

उत्तर : ते नाहीतच, २०२३ला बंगळुरूतल्या सॅफ स्पर्धेत पाहुणे होते. अफगाणिस्तान २०१५मध्ये मध्य आशियाच्या संघटनेत गेला, श्रीलंकेवर तेव्हा फिफाची बंदी होती, राहिले सहा. दोन पाहुण्यांमुळे आठ झाले. भारताचा फायदा असा की नेहमीच्या शेजाऱ्यांपेक्षा तगडे प्रतिस्पर्धी मिळाले. लेबनॉनला उपांत्य फेरीत पेनल्टीवर ४-२ हरवावं लागलं. कुवेतविरुद्ध अंतिम सामना १-१ सुटला, पेनल्टीही पाच-पाच फटक्यांनंतर ४-४. सहाव्या फटक्यावर भारताच्या महेश सिंगने गोल केला आणि गोलरक्षक गुरप्रीतने कुवेतचा फटका अडवला. भारताचं ते नववं विजेतेपद. असे पाहुणे दर वेळी बोलवावेत.

प्रश्न : गोव्यात ही स्पर्धा झाली होती का? (मालवण)

उत्तर : हो, १९९९ला मडगावला. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला २-० हरवलं.