मांजर असं टक लावून का बघतं हो?

प्रश्न: ताई, माझी मांजरी 3 वर्षांची आहे, पिल्लू असताना आणलेली. हल्ली मी लॅपटॉप घेऊन बसले की ही समोर येऊन बसते आणि नुसती बघते, म्याव नाही काही नाही, पापणीसुद्धा लवत नाही. पहाटे जाग आली तर ही उशीपाशी, परत तेच. आधी गोड वाटायचं, आता अंगावर काटा येतो. नेमकं काय चाललेलं असतं तिच्या डोक्यात?

उत्तर: पापणीचं आधी सांगते. मांजरांची पापणी मुळातच आपल्यापेक्षा खूप कमी वेळा लवते, म्हणजे तुम्हाला जे रोखून बघणं वाटतंय त्यातलं बरंचसं तिचा रोजचा चेहराच आहे. उरलेलं तुम्ही शिकवलंय, राग मानू नका. आठवून बघा, ती बघत बसली की शेवटी तुम्ही काय करता? "काय गं, काय हवंय" म्हणता, डोकं खाजवता, नाहीतर उठून वाटी भरता. झालं, तिला कळलं की बघितलं की माणूस हलतो! मोठी मांजरं आपापसात फारसं म्याव करत नाहीत, ते बहुतेक माणसांसाठीच राखून ठेवलेलं असतं, आणि प्रत्येक मांजर आपल्या माणसाला काय लागू पडतं ते शोधून काढतं, कुणाचं ओरडून मागतं, तुमचं बघून मागतं. त्यात दर वेळी मिळत नाही, कधीतरीच मिळतं ना, म्हणून तर सवय अजून घट्ट बसते.

पण सगळंच काही मागणं नसतं बरं का. 2015 साली इटलीतल्या संशोधकांनी मांजरांसमोर रिबिनी लावलेला पंखा चालू करून ठेवला, त्यांना जरा भीती वाटेल असा, आणि सोबत मालक. दहातल्या जवळजवळ आठ मांजरांनी पंख्याकडे आणि मालकाकडे आळीपाळीने बघितलं, म्हणजे "हे काय आहे, घाबरायचं का?" हे तुमच्या तोंडावरून वाचायला. तुम्ही लॅपटॉपवर वैतागून बसता तेव्हा ती तेच वाचत असेल, कुणी सांगावं.

पहाटेचं म्हणाल तर पहाट आणि संध्याकाळ हीच त्यांची जागं असायची वेळ. आणि आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतक्या उजेडात त्यांना दिसतं, तेव्हा तुम्हाला अंधार असला तरी तिला तुम्ही कूस बदलताना छान दिसताय. जाग आली की लगेच वाटीकडे जाऊ नका एवढंच, तोंड धुवा, बाकीचं आवरा, मग द्या. रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं दोरीमागे पळवा आणि मग खायला घाला, बराच फरक पडतो.

आणि नुसत्या डोळ्यांवरून काही ठरवू नका. माझा बोका खिडकीत बसून माझ्याकडे बघतो तेव्हा मी आधी शेपटीचं टोक बघते. पंजे पोटाखाली घेतलेत, कान पुढे, शेपूट गप्प पडलीये, डोळे अर्धे मिटलेले, तर तो निवांत आहे. टोक टपटप आपटतंय, कान बाजूला पडलेत, तर हात लावायचा नाही, मी लावलाय आणि ओरखडे काढून घेतलेत. निवांत असेल तेव्हा तुम्ही सावकाश डोळे मिटा आणि सावकाश उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी 2020 मध्ये हेच करून बघितलं, तर मांजरांनीही उलट तसेच डोळे मिचकावले, आणि अनोळखी माणसाने केलं तरी त्याच्या हाताजवळ जास्त आली. घरी करून बघा, पहिल्या दिवशी वेड्यासारखं वाटतं.

प्रश्न: मी गंमत म्हणून आमच्या बोक्याच्या डोळ्यात डोळे घालून बघत बसलो तर त्याने पंजाच मारला. असं का?

उत्तर: कारण मांजरांच्यात असं बघणं म्हणजे दम देणं. दोन बोके समोरासमोर आले की आधी असंच न हलता बघतात, आणि जो नजर काढून घेतो तो माघार घेतो. तुम्ही घेतली नाहीत. पुढच्या वेळी मान जरा बाजूला वळवा, तेवढंच पुरतं.

प्रश्न: आमची मांजरी 13 वर्षांची आहे. दोन दिवस झाले, आमच्याकडे तोंड करून बघते पण काहीतरी वेगळंच वाटतं, डोळ्यांच्या बाहुल्या लख्ख उजेडात पण मोठ्याच्या मोठ्या, आणि काल खुर्चीला धडकली. वयामुळे असेल का?

उत्तर: हे वाचून झालं की लगेच व्हेटना फोन करा, उद्यावर नको. ती बघत नसेल, तिला दिसतच नसेल असं मला वाटतंय. म्हाताऱ्या मांजरांचं ब्लड प्रेशर वाढतं, बऱ्याचदा किडनी नाहीतर थायरॉइडच्या दुखण्यापायी, आणि त्याने डोळ्याचा पडदा सुटून अचानक आंधळेपणा येतो. मांजराचं बीपी मोजता येतं, पायाला छोटा पट्टा बांधून, आणि गोळ्याही असतात. लवकर गेलात तर कधीकधी थोडी नजर परत येते. तोपर्यंत घरातलं काही हलवू नका, वाटी, पाणी, लिटर बॉक्स जिथल्या तिथे राहू दे, आणि तिला हात लावायच्या आधी हाक मारा.