गॅरेजने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून ठेवून घेतला

प्रश्न: मी खारघरला राहतो. गेल्या वर्षी तुर्भ्याच्या एका गॅरेजने माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढून सरळ डाउनपाइप, म्हणजे टर्बोपासून धूर नेणारा पाइप, बसवला. 'पिकअप वाढेल, पीयूसीला अडचण नाही,' असं मालकाने व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. बिलावर मात्र 'फक्त रेसिंगसाठी' असा शिक्का आहे. आता पाम बीच रोडवर चलान झालं, पीयूसी होत नाही आणि जुना कन्व्हर्टर 'भंगारात गेला' म्हणतात. काय करू?

उत्तर: आधी कडू भाग सांगतो. दंड तुमच्याच नावावर राहणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ(४) नुसार परवानगी नसलेला बदल केल्यास शिक्षा मालकाला होते: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९०(२) वेगळं लागतं. त्यात पहिल्याच गुन्ह्याला लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

पिकअप वाढला असेल, ते मी नाकारत नाही. टर्बोच्या पुढे धुराला अडथळा कमी झाला की इंजिन मोकळं होतं. पण कन्व्हर्टरच्या जाळीदार डब्यातच कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निष्प्रभ होतात. डबाच नसेल तर पीयूसी कशी होईल?

तुमची खरी बाजू कन्व्हर्टरची आहे. गाडीतून काढलेला भाग तुमचाच होता, गॅरेजकडे तो फक्त सोपवलेला होता. करार कायद्याच्या कलम १६० प्रमाणे तो न मागताही परत करायला हवा होता. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे 'भंगार' या शब्दावर विश्वास ठेवू नका. लेखी नोटीस देऊन तो भाग किंवा त्याची किंमत मागा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (विश्वासघात) खाली फौजदारी तक्रारीचा विचार नोटिशीचं उत्तर आल्यावर करू. तिथे अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो.

सोबत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कामाचे पैसे आणि नव्या कन्व्हर्टरचा खर्च मागा, दंडाच्या रकमेसाठी जोर घालवू नका.

गॅरेज त्या शिक्क्याचा आधार घेणार, हे धरून चाला. उत्तर चॅटमध्ये आहे: रेसिंगपुरतंच काम असतं तर पीयूसीची हमी कशाला दिली? मात्र 'चालतं ना, पकडत नाहीत ना?' असं तुम्हीच विचारलं असेल तर तक्रार बरीच कमजोर होते. तरीही एक ओळ पुसू नका. अर्धवट चॅट तुम्हालाच बुडवेल. आयोगात ते साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या, प्रमाणपत्रासह द्या.

गाडी आता चालवू नका. टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि दुरुस्तीआधी कन्व्हर्टर नसल्याची नोंद जॉब कार्डवर करून घ्या, फोटो काढा. मगच कंपनीचा कन्व्हर्टर बसवा, ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) ट्यूनिंग बदललं असेल तर तेही मूळ करा. काढलेला पाइप पुरावा म्हणून घरी ठेवा.

आणि बिलावरची तारीख आजच बघा. तक्रारीची दोन वर्षांची मुदत त्या दिवसापासून मोजा.