एका नारळात तीन दिवस

ताई, लातूरहून बदलीने कोकणात कुडाळला आलात, घरात तुम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. भाजी महाग, सुरमई-पापलेटचा भाव ऐकूनच परत फिरावं लागतं, नारळ दिवसाआड संपतो आणि मुलगी रोज बाटलीतलं रंगीत सरबत मागते. "इथली माणसं रोज खातात तरी काय?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि थोडं सविस्तर लिहायचं ठरवलं. मीही घाटावरचीच. २६ वर्षांपूर्वी सांगलीहून लग्न होऊन इकडे आले. पहिलं वर्षभर महिन्याचा किराणा कधीच हिशेबात बसला नाही. नंतर सासूबाईंनी जे शिकवलं तेच आज तुम्हाला सांगते.

इथली माणसं रोज थाळी खात नाहीत. हॉटेलात तळलेली तुकडी, मटणाची वाटी, वडे आणि सोलकढी असं जे ताट येतं ते सणाचं आणि पाहुण्यांचं. रोजच्या घरात भात असतो, त्यावर ओतायला काहीतरी पातळ असतं आणि तोंडी लावायला सुकं काहीतरी. एवढंच. आणि त्या पातळात रोज नारळ असतोच असं नाही. बाहेरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. कोकणी स्वयंपाक म्हणजे प्रत्येक पदार्थात नारळ असं समजून आपण नारळ फोडत सुटतो. ज्यांच्या परसात माड आहेत, तेसुद्धा असं करत नाहीत.

भाजीचं आधी सांगून टाकते. फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची हा माल बेळगाव-कोल्हापूरकडून घाट उतरून येतो, त्यामुळे त्यात गाडीभाडं मिळवलेलं असतं. आठवडा बाजारात दुकानांची रांग संपते तिथे जमिनीवर फडकं पसरून बायका बसतात. त्यांच्याकडे तांबडी भाजी (तुमचा लाल माठ), मुळा, चवळीच्या शेंगा, पडवळ, केळफूल, शेवग्याच्या शेंगा मिळतात. जे असेल ते घ्या आणि घरी येऊन काय करायचं ते ठरवा. यादी करून बाजारात जाण्याची सवय इथे पैसे खाते.

आता कुळथाची पिठी. एकच पदार्थ शिकायचा तर हा शिका.

तुमच्याकडचं बेसनाचं पिठलं घट्ट असतं, भाकरीबरोबर खायचं. पिठी पातळ असते, गरम भातावर ओतायची. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून मग पीठ केलेलं असतं, म्हणून त्याला खमंग वास येतो. पीठ घेताना पिशवी उघडून वास घ्या. कच्चट वास आला तर घरी मंद आचेवर कोरडंच परता, सुधारतं. बचत गटाच्या बायका घरचं पीठ विकतात, ते बहुतेक वेळा चांगलं निघतं.

तिघांसाठी चार मोठे चमचे पीठ घ्या आणि ते वाटीभर गार पाण्यात आधी नीट कालवा. गरम पाण्यात थेट टाकलंत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. कढईत चमचाभर तेलात सात-आठ लसणीच्या पाकळ्या ठेचून टाका. लसूण लाल होऊ द्या, पिठीची निम्मी चव त्यातच आहे. मग चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या, हिंग, हळद. त्यावर तीन वाट्या पाणी, मीठ आणि तीन-चार आमसुलं. पाणी उकळलं की कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. सात-आठ मिनिटं उकळू द्या. उतरवताना ती तुम्हाला फारच पातळ वाटेल, पण तशीच ठेवा. भात वाढेपर्यंत आळते. नारळ नाही, टोमॅटो नाही, पंधरा-वीस मिनिटांत जेवण तयार. बरोबर भाजलेला पापड किंवा सुका बांगडा. आठवड्यातून दोनदा पिठी केलीत तरी कुणी कंटाळत नाही, आणि पावसात तर ती मागून खातात.

भाताचं म्हणाल तर गिरणीवरून उकडा तांदूळ आणून पाहा. शिजायला वेळ घेतो, म्हणून तासभर भिजवा. सकाळी त्याचीच पेज करायची: एक वाटी तांदळाला सहा-सात वाट्या पाणी, तांदूळ पुरता मऊ होईपर्यंत शिजवायचा, मीठ घालायचं. लोणच्याच्या फोडीबरोबर गरम पेज हा इथला मूळ नाश्ता आहे. पोटाला हलका, आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत तहान लागू देत नाही. ज्वारीची भाकरी मात्र सोडू नका. गावाहून ज्वारी आणता येत असेल तर जरूर आणा. कुळथाची घट्ट पिठी आणि ज्वारीची भाकरी यांचं फार छान जमतं.

मुलीच्या डब्याला घावणे. साधा तांदूळ रात्री भिजवून सकाळी गुळगुळीत वाटा, मीठ घाला आणि ताकाइतकं पातळ करा. बिडाचा तवा चांगला तापला की अर्ध्या कांद्याने तेल पुसून पीठ बाहेरून आत ओता, झाकण ठेवा. आंबवायला नको, डाळ नको. गूळ आणि ओलं खोबरं कालवून मध्ये ठेवलं की मुलं न कुरकुरता डबा संपवतात.

मग नारळ कुठे वापरायचा? नारळाच्या अर्ध्या भागाला इकडे कवड म्हणतात. तीन माणसांना एक नारळ तीन दिवस पुरतो तो असा. पहिल्या दिवशी एक कवड खवा. त्यातलं मूठभर भाजीवर, बाकीच्याचं लाल मिरची, धणे, हळद घालून कच्चं वाटण करून आमटीला किंवा माशाच्या कालवणाला. कच्चं वाटण त्याच दिवशी संपवायचं. इथल्या दमट हवेत ते दुसऱ्या दिवशी आंबतं आणि सगळं कालवण बिघडवतं. दुसरी कवडही त्याच दिवशी खवून डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी पिठी, म्हणजे नारळाला सुट्टी. तिसऱ्या दिवशी डब्यातल्या खोबऱ्याची सोलकढी, आणि पिळून उरलेला चोथा फेकायचा नाही. तो तव्यावर कोरडा परतून लाल मिरची, लसूण, मीठ आणि एक आमसूल घालून वाटलात की चटणी होते. माझ्या सासूबाई चोथा टाकणाऱ्या सुनेकडे अशा बघायच्या की दुसऱ्यांदा कुणी टाकत नसे.

काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी, म्हणजे रश्श्यासाठी, भाजकं वाटण लागतं. उभा चिरलेला कांदा आणि खोबरं वेगवेगळं, चांगलं तपकिरी होईपर्यंत परतून वाटायचं. हे फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतं, म्हणून रविवारी एकदाच करून ठेवा. वाटाणे रात्रभर भिजवा, शिट्ट्या भरपूर घ्या, बोटाने चेपला गेला तरच शिजला. मटणाच्या रश्श्याची हौस निम्म्याहून कमी खर्चात भागते. श्रावणात आमच्याकडे याच्यावरच दिवस निघतात.

सरबताचा प्रश्न माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा. कोकमाच्या जिल्ह्यात राहून मुलीला रंग घातलेलं साखरपाणी पाजू नका, एवढं कळकळीने सांगते. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. हे एकच फळ घराला काय काय देतं पाहा. साल त्याच फळाच्या मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली की आमसूल. रस मीठ घालून ठेवला की आगळ. सालीत साखर भरून उन्हात ठेवली की सरबताचा पाक. बियांपासून निघतं ते मुठेल, थंडीत फुटलेल्या टाचांना लावायला. आगळाची एक बाटली आणि आमसुलांचं एक पाकीट घरात असलं की चिंच, लिंबू, टोमॅटो, आंबट ताक यांतलं बरंच काही आणावं लागत नाही. आगळात मीठ आधीच भरपूर असतं, म्हणून आगळ घातल्यावर चव घेऊन मगच वरचं मीठ. आणि कोकमाचं काहीही तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. आंबटाने भांड्याचा अंश उतरतो. काच, स्टील किंवा चिनीमाती.

सोलकढी: एका कवडीचं खोबरं, चार लसणीच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची, कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवायचं आणि फडक्यातून पिळायचं. पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा पिळायचं. दोन्ही रस एकत्र करून दोन-तीन चमचे आगळ, वर कोथिंबीर. गरम करायची नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी ती कढी म्हणून उकळायला ठेवली होती, सांगलीला कढी उकळतातच ना. नारळाचं दूध आंबटात फुटलं, पाणी खाली आणि चोथा वर. नारळ वाया गेला त्याचं मला आजही वाईट वाटतं.

रोजच्यासाठी मात्र सोलकढी नाही, तिवळ करा. आठ-दहा आमसुलं दोन वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चुरा, आणखी पाणी घालून गाळा. जिरेपूड, चिमूटभर हिंग, ठेचलेली मिरची, किंचित साखर, कोथिंबीर. नारळाशिवाय तीन-चार पेले होतात आणि भातावरही घेता येते. मुलीसाठी त्याच पाण्यात मिरचीऐवजी गूळ घाला. रंग बाटलीतल्या सरबतासारखाच लालभडक येतो, त्यामुळे ती भांडणार नाही. संध्याकाळी भूक लागली तर नाचणीचं आंबील: दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून शिजवायचं, गार झाल्यावर ताक आणि मीठ.

मासे. तुम्ही लिहिलंय की खायला नुकतेच शिकताय आणि काट्यांची भीती वाटते. मग बांगड्यापासून सुरू करा. मधला काटा सरळ निघतो, मुलीलाही सोडवून देता येतो. मांदेली तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळलीत तर काट्यासकट खाता येते. पेडवे स्वस्त आणि चवीला उत्तम, पण त्यांत बारीक काटे फार. ते पुढच्या वर्षी. पाऊस संपल्यावर मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते, आणि बांगडा भरभरून मिळाला की भाव एकदम उतरतो. त्या दिवशी दुप्पट घ्या.

बांगड्याचं तिखलं नारळाशिवाय होतं. आठ-दहा बेडगी मिरच्या भिजवून लसूण, हळद घालून जाडसर वाटा. पाच-सहा तुकड्यांना ते आणि मीठ चोळा, भांड्यात तेल, चार-पाच आमसुलं आणि अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर शिजवा. सात-आठ तिरफळं (माशांत घालायचा इथला मसाला) काळी बी काढून ठेचून टाका. तिरफळ चावायचं नाही, जीभ बधिर होते. वाढताना बाजूला काढा. दुसऱ्या दिवशी तिखलं जास्त चांगलं लागतं.

पुढची गोष्ट आत्ताच लक्षात घ्या, कारण मार्च चालू आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तो माशांच्या विणीचा काळ. ताजा मासा मिळाला तरी भाव चढलेला असतो. म्हणून पावसाळ्याची बेगमी आधीच करतात, तिला आगोट म्हणतात. सुका बांगडा, बोंबील, जवळा (बारीक सुकी कोळंबी), कुळीथ, काळे वाटाणे, आमसुलं, मसाला हे सगळं मेच्या मध्यापर्यंत घरात आलेलं बरं. मी पहिल्या वर्षी जवळा पहिला पाऊस पडून गेल्यावर घेतला. वरून कोरडा दिसत होता, डब्यात भरला, आणि पंधरा दिवसांनी झाकण काढलं तर अख्ख्या डब्याला बुरशी. तेव्हापासून कितीही चांगला दिसला तरी घरी आणून दोन दिवस कडक उन्हात घालते, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरते आणि हात ओला असताना डबा उघडत नाही. त्यातला मूठभर जवळा कोरडा भाजायचा, कचरा निवडून झटपट धुवायचा, कांदा, मिरची आणि आमसुलात परतायचा, की भाकरीबरोबर एक वेळचं जेवण होतं.

पहिल्या पावसानंतर टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्या येतात. कोवळा टाकळा कांद्यावर परतून त्यात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घाला. पण स्वतः रानातून खुडायला जाऊ नका. पहिली दोन वर्षं तरी ओळखीच्या बाईकडूनच घ्या आणि तिलाच शिजवायची रीत विचारा. मेमध्ये फणस खाल तेव्हा आठळ्या टाकू नका, धुऊन सावलीत सुकवून ठेवा.

रातांबे एप्रिलच्या शेवटी बाजारात दिसायला लागतात. टोपलीतले हलवून बघा, काळपट लाल आणि कडक साल असलेले घ्या, रस सुटलेले नकोत. अर्धे कापून बिया आणि गर काढा, सालीच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत थर द्या. साखर सालीच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट. तोंडाला फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवा, रोज एकदा कोरड्या चमच्याने हलवा. पाक गाळल्यावर उरलेल्या गोड साली मुलीला खायला द्या. बरणी भरताना तिलाच साखर घालू द्या.