कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर बोटीशिवाय, थेट किनाऱ्यावरून स्कूबा डायव्हिंग जमतं का?

जमतं, आणि तिथे जायचं तर त्यासाठीच जावं. रस्त्याकडेला रंगवलेल्या पिवळ्या दगडांवर डाइव्ह साइटची नावं असतात. पिकअप भाड्याने घ्या, हवेच्या टाक्या मागे टाका. आधी नेचर फी (निसर्ग संवर्धनाचं शुल्क) भरा आणि ओरिएंटेशन डाइव्ह, म्हणजे ओळखीची पहिली डाइव्ह करा, ती सक्तीची आहे. हातमोज्यांना बंदी आहे, कारण ते घातले की हात नकळत प्रवाळावर टेकतो.

खरी दुखापत पाण्यात शिरताना होते. काठावर प्रवाळाचे निसटते तुकडे असतात, म्हणून जाड तळव्याचे बूट आणि टाच उघडी असलेले फिन्सच (पोहण्यासाठी पायात घालायचे पंख) घ्या. कंबरभर पाण्यात गेल्यावरच फिन्स चढवा. सुरुवात प्रवाहाविरुद्ध करा, म्हणजे परतताना दम उरतो. गाडीत मौल्यवान काही ठेवू नका. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास, शक्यतो 24 तास जाऊ द्या.