शेवंड, ‘मोठी कोळंबी’ आणि लॉबस्टरमधला कोळी

एका वाचकाने विचारलंय: ‘भावाने मालवणात खाणावळ काढली आहे. पाटीवर लॉबस्टरला मराठीत काय लिहावं? मोठी कोळंबी चालेल का? आणि शेवंड म्हटलं तर तो की ती?’

मोठी कोळंबी मुळीच चालणार नाही. हे हल्ली इतक्या पाट्यांवर वाचतोय की डोकं उठतं. कोळंबी कितीही पोसली तरी तिची शेवंड होत नाही. झिंगा म्हणजेही कोळंबीच. आपला चांगला, चालता शब्द शेवंड आहे, तो लिहा. आणि पाटीवर चित्र काढणार असाल तर खेकड्यासारखे जाडजूड डेंगे काढू नका. ते अटलांटिकमधल्या जातीचे. आपल्या काटेरी शेवंडीला डेंगे नसतात. तिच्या पाठीवर काटे आणि पुढे अंगापेक्षा लांब मिशा असतात.

पण ‘लॉबस्टर’ हा शब्दही टाकाऊ समजू नका, त्यात मोठी गंमत आहे. लॅटिनमध्ये ‘लोकुस्ता’ म्हणजे टोळ आणि शेवंडही. स्पॅनिशमध्ये ‘लांगोस्ता’ला आजही हे दोन्ही अर्थ आहेत. व्युत्पत्ती सांगणारे बहुतेक जण टोळापाशीच थांबतात. मग जुन्या इंग्रजीतल्या ‘लॉपेस्त्रे’मध्ये ‘क’चा ‘प’ कुठून आला? त्या भाषेत ‘लॉपे’ म्हणजे जाळं विणणारा कोळी. त्या लांब पायांकडे बघून लोकांनी परक्या शब्दात ओळखीचा कोळी बसवला, असं काही कोशकार मानतात, आणि मला तेच पटतं. शेवटचा ‘स्टर’ही ‘वेबस्टर’मधल्यासारखा झाला. वेबस्टर म्हणजे विणकर!

आता मराठीत या. कोळी म्हणजे जाळं विणणारा किडा, आणि कोळी म्हणजे शेवंड धरणारा माणूस. हे दोन निराळे शब्द योगायोगाने सारखे झाले, असं ठासून सांगणारे विद्वान मला अनेकदा भेटले आहेत. संस्कृतात ‘कौलिक’ म्हणजे विणकर. पंचतंत्रात विष्णूचं सोंग घेऊन राजकन्येकडे जाणारा तो कौलिकच. प्राकृतातल्या ‘कोलिअ’चे अर्थ विणकर आणि कोळीकिडा असे दोन्ही आहेत. मग जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या जाळं विणत आला, त्याच्या नावासाठी दुसरीकडे जायचं कशाला? कोळी जमातीचं नाव ‘कोल’ या आदिवासी लोकांवरून आलं म्हणणाऱ्यांनी एक दुपार जाळ्यापाशी बसून काढावी. माझा तर्क असा की किडा आणि माणूस, दोघांनाही हे नाव विणण्यावरूनच मिळालं. सिद्ध झालेलं नाही हे मान्य, पण ‘योगायोग’ हे काही त्याला उत्तर नव्हे.

मी मुंबईतल्या वेसाव्याला अशी दुपार काढली आहे. एक काका जाळ्यातून शेवंड सोडवत होते. मिशीला हात न लावता तिची पाठ पकडायची, मग काट्यांत अडकलेला एकेक आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, बोटाने उचलून मागे सारायचा. तिच्या शेपटीचा फटका मनगटावर बसत होता आणि मिशांच्या मुळाशी घासून ती कर्रर्र आवाज काढत होती. जिवंत, अखंड शेवंडीलाच खरा भाव, मिशी तुटली की तो पडतो. शेवटी काकांनी दोन आस सरळ कापले आणि मिशी वाचवली. शेवंड ओल्या गोणपाटाखाली गेली. काका पाय पसरून बसले, जाळ्याची कड अंगठ्यात धरली आणि चपट्या सुईने ते दोन आस परत विणायला घेतले. मासा धरण्यापेक्षा विणण्यातच दिवस जास्त जातो, म्हणाले. जाळी आता नायलॉनची, यंत्रावर झालेली येतात, पण भोक बुजवायला हातच लागतो.

तुमच्या भावाला आणखी एक सांगा. निर्यातीसाठी २००३ पासून किमान वजन ठरलेलं आहे. मुंबईकडच्या काटेरी शेवंडीसाठी ते ३०० ग्रॅम. खाणावळीतही त्याहून लहान घेऊ नये, आणि पोटाखाली नारिंगी अंडी असलेली तर मुळीच नको.

राहिलं तो की ती. मी ती म्हणतो, कारण कर्रर्र सुरू झालं तेव्हा काका मान वर न करता म्हणाले होते, ‘ती वरडते, वरडू दे.’