एफडी मोडा, पण त्याच्यासाठी नको

प्रश्न: घणसोलीत भाड्याने राहतो. महापेतली नोकरी गेली, पाच महिन्यांनी दुसरी मिळाली. आता माझे 32,000 आणि पत्नीचे 14,000 येतात. पर्सनल लोनचे 1,85,000 बाकी, त्यात 9,400 चे चार हप्ते थकलेत. क्रेडिट कार्डाचे 62,000 वेगळे. वसुलीवाला साताऱ्याला सासूबाईंना फोन करतो, परवा रात्री दारात आला. वॉचमनने रजिस्टरमध्ये ‘लोन वसुली’ लिहिलं, लाज वाटते. म्हणतो, ‘आज 1,10,000 माझ्या नंबरवर टाका, सेटल करून देतो. नाहीतर जेलमध्ये टाकतो.’ मुलीसाठी ठेवलेली 1,50,000 ची एफडी मोडू का? दोन वर्षांत घरही घ्यायचंय.

उत्तर: एफडी मोडा. पण त्या माणसाच्या नंबरवर एक रुपयाही टाकू नका.

लोनवाला दारात येतो, कार्डवाला अजून नुसते मेसेज पाठवतोय, म्हणून तुम्हाला लोन मोठं वाटतंय. खरी गळती कार्डाची आहे. महिना साडेतीन टक्के धरले तरी 62,000 वर दोन हजारांहून जास्त व्याज चढतं. तेवढ्याच रकमेवर एफडी महिन्याला साडेतीनशेच्या आसपास देते. आधी कार्ड संपवा.

मग चारही हप्ते एकदम भरा, दंड धरून चाळीसेक हजार. नव्वद दिवसांच्या वर थकलेलं खातं अर्धवट पैसे भरून नियमित होत नाही. पैसे लोनच्या खात्यातच, पावती घेऊन. उरलेल्या पंचेचाळीसेक हजारांना हात लावू नका. पुन्हा पगार अडला तर हप्ते त्यातून जातील.

सेटलमेंटमध्ये, म्हणजे कमी पैशांत कर्ज मिटवलं तर, 75,000 वाचतात, मोह होणारच. पण सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ शेरा बसला की होम लोनवाला आधी तोच बघतो. पत्नीची कमाई नसती, तर मीच तुम्हाला सेटलमेंटची बोलणी करा म्हटलं असतं. तेव्हाही कर्ज देणाऱ्या कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र हातात आल्याशिवाय नाही.

आता त्रासाचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय: सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन नाहीत, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांना त्रास नाही. वॉचमनने रजिस्टरमध्ये त्याचं नाव, रात्री 8.50 ही वेळ आणि कामाच्या रकान्यात ‘लोन वसुली’ लिहिलं, याची तुम्हाला लाज वाटते. मला विचाराल तर ते पान सोन्याचं आहे. आजच फोटो काढा. सासूबाईंच्या मोबाइलवरच्या कॉलचे स्क्रीनशॉटही मागवा (फोनवरून त्यांना ते समजावणं हेच खरं कष्टाचं काम!). हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448. मारण्याची धमकी दिली तर मात्र 30 दिवस थांबू नका, पोलीस ठाणं गाठा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये तो गुन्हा आहे.

‘जेलमध्ये टाकतो’ याला घाबरू नका. निव्वळ हप्ता थकणं हा गुन्हा नाही. मात्र चेक किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तर त्यावरून खटला होऊ शकतो. म्हणून कोर्टाचं किंवा वकिलाचं पाकीट आलं, तर ते टीव्हीमागे सरकवू नका, त्याच दिवशी उघडा.