एअर फ्रायरमधली कोथिंबीर वडी कोरडी होते. तेल नेमकं किती घालायचं?

तुम्ही लिहिलंय, तेल टाळायचं म्हणूनच एअर फ्रायर घेतला, आणि आता कोथिंबीर वडी वरून पांढरट न् आतून कोरडी ठणठणीत होते. माझ्या पहिल्या महिन्यातल्या वड्या अश्शाच होत्या. घरच्यांनी दह्यात बुडवून निमूट खाल्ल्या, पण पुन्हा कुणी मागितल्या नाहीत.

बारा वड्यांना छोटे तीन चमचे तेल लागतं, म्हणजे साधारण १५ मिली. एक चमचा पीठ भिजवताना मोहन म्हणून, बाकीचे दोन वरून. चमच्याला ४० कॅलरी धरल्या तर वडीमागे दहा पडतात. एवढ्यासाठी जीव मारू नका.

नावात ‘फ्राय’ असलं तरी आत काहीही तळलं जात नाही. वर तापणारी कॉइल आणि पंखा, बस्स. गरम हवा जोरात फिरते, छोटी भट्टीच म्हणा. कढईत तेल वडीला चहूबाजूंनी वेढतं. इथे नुसती हवा लागते, आणि ती बेसनातला ओलावा पळवते. वर तेलाचा पातळ हात असेल तरच पीठ नीट तापून रंग धरतं, नाहीतर पांढरं पडून वाळतं. मोहनामुळे आतून खुसखुशीत राहतं.

उंडे वाफवून पूर्ण गार करा, मग वड्या पाडा. कापलेल्या दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा. वरून धार सोडलीत तर अर्धं तेल खाली ट्रेमध्ये जातं. १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. मध्ये एकदा उलटा, आणि जिथे पांढरे ठिपके दिसतील तिथेच पुन्हा ब्रश फिरवा. ही दुसरी वेळ मी बरेच दिवस आळसाने टाळत होते, खरा फरक तिथेच पडतो.

भेंडीचं वेगळं. पाव किलोला एक छोटा चमचा पुरतो, पण परातीत हाताने चोळून, आणि मसाल्याच्या आधी. कोरड्या भेंडीवर तिखट भुरभुरवलंत तर पंखा ते उडवतो आणि स्वयंपाकघरात सगळे ठसकतात. बटाट्याचे काप पाण्यात ठेवून फडक्यावर अगदी कोरडे करा, मगच तेल. ओल्या कापाला तेल धरतच नाही. फ्रोझन फ्राइज कारखान्यातून अर्धवट तळूनच येतात, त्यांना काही लावू नका. सुरमईला वरून तेल लावायला गेलात तर ब्रशला रवाच चिकटून येतो, म्हणून एक चमचा तेल आधी रव्यातच चोळून घ्या.

जास्त घातलं तर? कुरकुरीतपणा वाढत नाही. तेल खाली गळतं, तापून धूर येतो आणि पदार्थाची खालची बाजू मऊ पडते. घाण्याचं तेल लवकर धुरावतं, म्हणून २०० अंशांवर काही करायचं असेल तेव्हा मी रिफाइंड शेंगदाणा तेल घेते.

दाबून फवारायचे तयार तेलाचे डबे मात्र नकोत. त्यातल्या बऱ्याच डब्यांत लेसिथिन असतं, त्याचा चिकट पिवळा थर बास्केटवर बसतो. तो काढायला घासणी मारली की नॉनस्टिकचं कोटिंग जातं. माझं गेलं. साधी फवाऱ्याची बाटली आणून घरचंच तेल भरा.

आणि कांदाभजीच्या वाटेला जाऊ नका. पीठ जाळीतून खाली गळतं, आणि बास्केट घासायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात कढईत दोन घाणे निघतात.